एक गाळप हंगाम, सात सर्व्हर आणि सिसस्टॅट

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात मी काम करते. आमची सर्व्हर रूम म्हणजे लेखा विभागामागची दहा बाय चौदाची खोली. दोन एसी आलटून पालटून चालतात, कोपऱ्यात यूपीएस, आणि रॅकमध्ये वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या कामासाठी घेतलेली सात मशीन. एक वजनकाट्याचं, एक शेती विभागाच्या ऊस नोंदीचं, सगळ्यात मोठं लेखा विभागाचं, मग हजेरी-पगाराचं, फाइल सर्व्हर, भांडाराचं आणि बॅकअपचं. सातही लिनक्सवर. पाचांवर सेंटओएस ७, दोनांवर डेबियन, या लिनक्सच्याच दोन जाती.

२०२३ च्या पावसाळ्यात दोन गोष्टी एकदम अंगावर आल्या. सेंटओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ ला बंद होणार होते, आणि सातपैकी तीन मशीनची वॉरंटी केव्हाच संपली होती. सगळं दोन नव्या मशीनवर व्हर्च्युअल, म्हणजे एका मशीनच्या पोटात अनेक आभासी मशीन, करून टाकायचं असं एमडी साहेबांच्या केबिनमध्ये ठरलं. प्रश्न राहिला तो मशीन केवढी घ्यायची याचा.

एका पुरवठादाराचा माणूस येऊन गेला. ऑगस्ट महिना, कारखाना बंद, बॉयलर उघडून पडलेले, यार्डात एक गाडी नाही. त्यानं प्रत्येक मशीनवर दहा मिनिटं ‘टॉप’ हा त्या क्षणीचा वापर दाखवणारा आदेश लावून पाहिलं, मेमरी दाखवणाऱ्या ‘फ्री’चा मोबाइलवर फोटो काढला आणि गेला. आठवड्यानं कोटेशन आलं. सध्याचे कोअर, म्हणजे प्रोसेसरचे स्वतंत्र काम करणारे भाग, ४४, वर पंचवीस टक्के वाढ धरून ५५, म्हणून ३२ कोअरची दोन मशीन, प्रत्येकी २५६ जीबी मेमरी. ‘टॉप’मध्ये दिसलं त्याचा या आकड्याशी काही संबंध नव्हता. रॅकमध्ये आहे त्याची बेरीज करून पुढे वाढ लावली होती, एवढंच. पैसा सभासद शेतकऱ्यांचा असतो, त्यामुळे मला ते पटेना. मी एमडी साहेबांना म्हटलं, एक हंगाम मोजू द्या. ते म्हणाले, “मॅडम, मार्चपर्यंत थांबतो. पण मार्चला मला आकडा पाहिजे.”

तो आकडा मी ज्या अवजारानं काढला, त्या सिसस्टॅटबद्दल, म्हणजे लिनक्स मशीनचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क किती वापरात आहे ते नोंदवणाऱ्या अवजाराबद्दल, हे लिहिते आहे. ते विकत मिळत नाही, जीपीएल परवान्याखाली फुकट आहे. सेबास्तिएं गोदार या फ्रेंच माणसानं ते लिहिलं आणि वर्षानुवर्षं सांभाळलं. त्यातला मुख्य आदेश ‘सार’. जुन्या सिस्टम फाइव्ह युनिक्सपासून चालत आलेलं हे नाव. त्याच्या जोडीला ‘आयओस्टॅट’, ‘एमपीस्टॅट’, ‘पिडस्टॅट’ आणि नोंदी बाहेर काढून देणारा ‘साडएफ’. काम साधं आहे. पाठीमागे ठरावीक वेळानं एक छोटा प्रोग्राम जागा होतो, कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, ‘प्रॉक’ डिरेक्टरीत मांडून ठेवलेले आकडे उचलतो, त्या दिवसाच्या फाइलीत टाकतो आणि परत झोपतो. मशीनवर त्याचा भार जवळजवळ नाही. काट्याच्या मशीनवर काही बसवताना मी दहा वेळा विचार करते, पण हे मी निर्धास्तपणे बसवलं.

बसवणं एका ओळीचं काम आहे, पण पहिला दगा तिथेच बसतो. सेंटओएसवर पॅकेज घातलं, सेवा सुरू केली की नोंदी पडायला लागतात. डेबियनवर पॅकेज घातलं तरी नोंदी बंदच असतात. ‘डीफॉल्ट’ डिरेक्टरीतल्या सिसस्टॅटच्या फाइलीत ‘एनेबल्ड’समोर ‘फॉल्स’ लिहिलेलं असतं, ते हातानं ‘ट्रू’ करावं लागतं. मला हे माहीत नव्हतं. हजेरीचं आणि फाइल सर्व्हरचं मशीन डेबियनवर होतं, आणि पंधरा दिवसांनी नोंदी काढायला बसले तर डिरेक्टरी रिकामी. पॅकेज बसल्यावर त्यानं एका ओळीत तरी सांगायला हवं होतं की मी अजून चालू नाही. तेवढी सूचना असती तर माझे पंधरा दिवस वाचले असते.

दुसरं म्हणजे नोंदी किती दिवस राहतात. डेबियनवर सात दिवस, सेंटओएसवर अठ्ठावीस. हंगाम चार-पाच महिन्यांचा, त्याला हे पुरणारं नव्हतं. ‘हिस्टरी’चा आकडा मी २०० केला. अठ्ठावीसच्या वर गेलं की तो महिन्यागणिक वेगळी डिरेक्टरी करून ठेवतो, ही सोय मला आवडली. मूळ ठेवण दर दहा मिनिटांनी एक नोंद अशी असते. डिसेंबरपासून मी ती दर मिनिटाला केली. फाइली मोठ्या होतात, पण रोजचे काही एमबीच, आणि त्याची किंमत पुढे वसूल झाली.

आता खरं मोजमाप. ज्यांना साखर कारखाना आतून माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्याकडे वर्ष बारा महिन्यांचं नसतं. मोळी पूजन झालं की वर्ष सुरू, आणि पट्टा पडला की संपलं. हंगामात काटा चोवीस तास चालतो. गाडी भरलेली येते तेव्हा एक वजन, रिकामी जाते तेव्हा एक वजन, आणि दोन्हींमधून शेतकऱ्याच्या नावावर टन पडतात. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून चौदा दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराचे, पैसे द्यायचे असतात, म्हणून पंधरवड्याचं बिल निघतं. पंधरवडा संपला की दुसऱ्या दिवशी रात्री लेखा विभागाचं मशीन बिलाला बसतं. हजारो शेतकरी, प्रत्येकाची तोडणी-वाहतूक, सोसायटीची वसुली, बियाण्याची उचल, सगळ्या कपाती लागून बिल तयार होतं. आमच्याकडे ते साडेतीन तास चालतं. ऑगस्टमध्ये दहा मिनिटं ‘टॉप’ पाहणाऱ्याला यातलं काय दिसणार?

नोव्हेंबरसुद्धा फसवा निघाला. २०२३ साली ऊस दराच्या आंदोलनामुळे आमच्या भागात नोव्हेंबरचे बरेच दिवस गाड्या रस्त्यावरच येत नव्हत्या. त्या दिवसांच्या नोंदी माझ्याकडे आहेत. काट्याचं मशीन ९८ टक्के रिकामं! त्याच्यावरून मी निष्कर्ष काढला असता तर काट्याला एक कोअरसुद्धा जास्त वाटला असता. म्हणून मी नोंदींबरोबर एक वही ठेवली. तारीख, त्या दिवशी किती गाड्या, बिल होतं का, लाइट गेली होती का. सिसस्टॅट आकडा सांगतो, आकड्यामागचं कारण आपणच लिहून ठेवावं लागतं. माझ्या कामाला त्या दोनशे पानी वहीचा हात ‘सार’इतकाच लागला.

सरासरीबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त लोक तिथे चुकतात. लेखा मशीनला बारा कोअर. अख्ख्या हंगामाची सरासरी काढली तर वापर एका कोअरच्याही खाली, ०.९. हा आकडा घेऊन कोणी म्हणेल, दोन कोअर द्या, भरपूर झाले. पण बिलाच्या रात्री तेच मशीन ८.४ कोअरचं काम करत होतं. काही जाणकार सरासरी टाळून पंचाण्णवावा शतमक घेतात, म्हणजे सगळ्यात वरचे पाच टक्के क्षण सोडून देतात. आमच्याकडे तेही चालत नाही. पंधरा दिवसांचे तास ३६०, बिल साडेतीन तास, म्हणजे जेमतेम एक टक्का वेळ. पाच टक्के म्हणजे अठरा तास. पंचाण्णवावा शतमक घेतला की आख्खी बिलाची रात्र त्या सोडलेल्या अठरा तासांत निघून जाते, आणि ज्या एका कामासाठी मशीन आहे तेच हिशोबातून गायब होतं. म्हणून मी आमच्यासाठी मिनिटाचा सर्वोच्च आकडाच धरला.

सातही मशीनचे असे सर्वोच्च आकडे काढले. काटा १.२ कोअर, शेती ३.१, लेखा ८.४, हजेरी १.५, फाइल ०.८, भांडार १.०, बॅकअप २.६. बेरीज १८.६. रॅकमध्ये ४४ कोअर आहेत आणि प्रत्येकाचा सगळ्यात वाईट क्षण धरूनसुद्धा बेरीज १८.६ येते. हे सगळे वाईट क्षण एकाच वेळी येत नाहीत, ही त्याच्या पुढची गोष्ट. हजेरीचा ताण महिनाअखेरीला पगाराच्या दिवशी, शेतीचा सकाळी तोडणी प्रोग्राम, म्हणजे ऊसतोडीचं वेळापत्रक, निघतो तेव्हा, बॅकअपचा रात्री दोनला. म्हणून सातही मशीनच्या नोंदी मिनिटाला मिनिट लावून शेजारी ठेवायच्या, प्रत्येक मिनिटाची बेरीज करायची, आणि त्या बेरजेतला सर्वोच्च क्षण शोधायचा. व्हर्च्युअल मशीनसाठी लागणारा आकडा तो.

इथे ‘साडएफ’ कामी आला. ‘सार’च्या नोंदींची फाइल साध्या एडिटरात वाचता येत नाही. साडएफला ‘डी’ पर्याय दिला की प्रत्येक ओळ अर्धविरामांनी तोडून मिळते, ती थेट स्प्रेडशीटमध्ये घेता येते. एक सावधगिरी आधीच सांगते. वेगवेगळ्या आवृत्तीच्या सिसस्टॅटच्या फाइली एकमेकांच्या मशीनवर उघडतीलच असं नाही. सेंटओएस ७ वर आवृत्ती १०.१.५ असते, नव्या डेबियनवर १२ ची. मूळ फाइली एका जागी गोळा करायच्या भानगडीत न पडता प्रत्येक मशीनवर तिथलाच साडएफ चालवून फक्त मजकूर बाहेर आणला, आणि तो त्रास मिटला.

पण दुसरा एक त्रास त्या मजकुरातच बसलेला होता, आणि त्यानं माझे दोन दिवस घेतले. पहिली बेरीज केली तेव्हा सर्वोच्च क्षण आला १६ जानेवारी २०२४, रात्री साडेआठ, आकडा १३.९. बिलाची रात्र होती, त्यामुळे तारीख बरोबर वाटली. लेखा ८.४, शेती १.६, काटा ०.७, बाकी किरकोळ मिळून ०.६. आणि बॅकअप २.६! बॅकअप साडेआठला? आमचा बॅकअप रात्री दोनला सुटतो, ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या ‘क्रॉन’ची ओळ मी स्वतः लिहिलेली आहे. कोणी हातानं चालवला का म्हणून लॉग पाहिले, वॉचमनला विचारलं, काही नाही. शेवटी बॅकअप मशीनची मूळ ओळच डोळ्यांसमोर धरली. वेळ २०:३०, आणि तिच्या शेजारी तीन अक्षरं, यूटीसी. साडएफ या पर्यायात वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, देतो, आपली वेळ हवी असेल तर मोठा ‘टी’ वेगळा सांगावा लागतो. लेखा मशीनवर मी तो दिला होता, बॅकअप मशीनवर राहिला होता. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. १७ तारखेची पहाटेची दोनची नोंद १६ तारखेच्या रात्री साडेआठला जाऊन बसली, ती नेमकी बिलाच्या डोक्यावर. ती दुरुस्त केली आणि सर्वोच्च बेरीज ११.३ झाली. तेव्हापासून साडएफची कोणतीही फाइल आली की आधी वेळेचा रकाना पाहते, आणि सातही मशीनची घड्याळं ‘क्रॉनी’नं एकत्र चालतात ना हेही.

बेरजेचं सूत्र सांगून ठेवते, कारण त्यातही एक खोच आहे. शंभरातून ‘आयडल’, म्हणजे प्रोसेसरचा रिकामा वेळ, वजा केलं म्हणजे वापर, असं बरेच जण धरतात. ‘आयओवेट’ हासुद्धा रिकामा वेळच असतो. प्रोसेसर मोकळा आहे, फक्त कुठलं तरी काम डिस्कची वाट पाहत आहे, असा त्याचा अर्थ. म्हणून शंभरातून आयडल आणि आयओवेट दोन्ही वजा करायचे, आणि राहील त्याला कोअरच्या संख्येनं गुणून शंभरानं भागायचं.

डिस्कचा विषय निघालाच आहे तर लेखा मशीनच्या एका दुपारबद्दल लिहिते, कारण माझं मत त्या दुपारी बदललं. फेब्रुवारीत सोसायट्यांचे खातेउतारे काढायचे होते. चीफ अकाउंटंट साहेबांचा फोन आला, “मॅडम, मशीन पार बसलंय, नवीन प्रोसेसर घ्या आता.” ‘सार’ला ‘क्यू’ पर्याय देऊन पाहिलं तर लोड ॲव्हरेज, म्हणजे चालू आणि ताटकळलेल्या कामांची सरासरी संख्या, १४, बारा कोअरच्या मशीनवर. बघणाऱ्याला वाटणार प्रोसेसर कमी पडतोय. ‘यू’ पर्याय देऊन पाहिलं तर वापर बावीस टक्के, बाकी सगळा आयओवेट आणि आयडल. लिनक्सच्या लोड ॲव्हरेजमध्ये १९९३ पासून डिस्कसाठी अडकून बसलेली कामंही मोजली जातात, नुसती प्रोसेसरच्या रांगेतली नाहीत. तेव्हा १४ पैकी बहुतेक प्रोसेसरला भेटायला आलेच नव्हते. मग ‘डी’ पर्यायानं डिस्क पाहिली. एकेका मागणीला सरासरी १८० मिलिसेकंद, ‘युटिल’, म्हणजे डिस्क कामात असलेला वेळ, ९९ टक्के. रेड-५ या पद्धतीनं एकत्र बांधलेल्या फिरत्या डिस्क, दहा-बारा वर्षांपूर्वीच्या. कोटेशनमध्ये ३२ कोअर होते, आणि डिस्कसमोर लिहिलं होतं ‘सध्याप्रमाणे’.

हे जर तसंच व्हर्च्युअल झालं असतं तर पुढचा हंगाम मला डोळ्यांसमोर दिसत होता. काट्याचं मशीन प्रोसेसर किती खातं? १.२ कोअर. पण प्रत्येक पावतीला त्याला डिस्कवर पक्की नोंद करावी लागते, ती झाल्याशिवाय पावती छापत नाही. लेखा विभाग खातेउतारे काढायला बसला आणि डिस्क दोघांना मिळून एकच असली, की काट्यावर गाडी उभी. काटा क्लार्क मामा फोन करणार, “मॅडम, काटा अडकलाय,” आणि मागे यार्डात रात्रीच्या थंडीत ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग. ऊस तोडल्यापासून जितका वेळ जातो तितकं वजन आणि उतारा घटतो. शिल्लक क्षमता कोअरमध्ये भरपूर होती, डिस्कमध्ये अजिबात नव्हती. सिसस्टॅटनं मला हे दाखवलं, आणि एवढ्यासाठी मी त्याचं नाव घेत राहीन.

‘युटिल’च्या आकड्याबद्दल मात्र एक सांगते. फिरत्या एका डिस्कसाठी ९९ टक्के म्हणजे भरलीच. नव्या एनव्हीएमई डिस्क, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान चिपच्या डिस्क, एकाच वेळी अनेक मागण्या घेतात, त्यांच्यावर शंभर टक्के दिसलं तरी जागा शिल्लक असू शकते. त्यांच्या बाबतीत ‘अवेट’ पाहावा, म्हणजे मागणीला किती वेळ लागला तो.

मेमरीच्या बाबतीत मला सिसस्टॅटबद्दल खरी तक्रार आहे, निदान १०.१.५ बद्दल. ‘आर’ पर्याय देऊन पाहिलं तर लेखा मशीनची मेमरी हंगामभर ९७ टक्के वापरात. पुरवठादाराच्या माणसानं ‘फ्री’च्या फोटोवरून हेच धरलं असणार. पण लिनक्स मोकळी मेमरी मोकळी ठेवतच नाही, वाचलेल्या फाइली तिथे ठेवतो आणि गरज पडली की सोडून देतो. जुन्या ‘सार’मध्ये ती कॅशही वापरात धरलेली असते, आणि खऱ्या अर्थानं किती मिळेल ते सांगणारा रकाना नाही. मग लोक मोकळी अधिक कॅश अशी बेरीज करतात. आमच्या ६४ जीबीच्या मशीनवर मोकळी २ आणि कॅश ४४, म्हणजे ४६ जीबी शिल्लक? नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसनं स्वतःसाठी घेतलेले १६ जीबी सामायिक मेमरीत असतात, ती कर्नल कॅशमध्ये मोजतो, पण ती सोडता येत नाही. ‘मेमअव्हेलेबल’चा आकडा मी क्रॉनमधून वेगळा नोंदवला तेव्हा तो २९ जीबी निघाला. म्हणजे एक आकडा म्हणतो काहीच शिल्लक नाही, दुसरा म्हणतो ४६, खरा २९. सिसस्टॅटच्या नव्या आवृत्त्यांत ‘केबीअव्हेल’ हा रकाना आला आहे. तुमच्याकडे असेल तर बाकीचे सोडून तोच पाहा.

आणि ते २९ जीबीसुद्धा फुकट पडलेले नाहीत. कॅशमुळेच त्या म्हाताऱ्या डिस्क इतकी वर्षं तगल्या. म्हणून मी लेखा मशीनला ३५ वर न आणता ४८ दिले.

भांडाराच्या मशीनबद्दलही थोडं लिहिते. आठ कोअर, आणि हंगामभराचा सर्वोच्च वापर १२.५ टक्के. कोणालाही वाटेल हे मशीन झोपा काढतंय. पण भांडारातले लोक रोज म्हणायचे, स्टॉक रिपोर्टला पंचवीस मिनिटं लागतात. १२.५ टक्के हा आकडा माझ्या डोक्यात बसेना. दर वेळी तंतोतंत तेवढाच का? मग लक्षात आलं, शंभराचा आठवा भाग. कोअरगणिक आकडे मागितले तर सात कोअर शांत आणि एक पूर्ण शंभरावर. ‘पिडस्टॅट’नं प्रोसेसही दाखवली, जुना रिपोर्ट प्रोग्राम, एकाच धाग्यावर चालणारा. त्याला आठ काय, ऐंशी कोअर दिले तरी पंचवीस मिनिटंच लागणार. त्याला हवा होता वेगवान कोअर, जास्त कोअर नकोत. नव्या मशीनवर त्याला दोन कोअर दिले आहेत आणि तो रिपोर्ट अकरा मिनिटांत निघतो. एका टक्केवारीत हे सगळं दडलेलं असतं, आणि ‘सार’ आपणहून ते सांगत नाही, नीट विचारावं लागतं.

आम्ही शेवटी घेतलं ते असं. १६ कोअरची दोन मशीन, प्रत्येकी १२८ जीबी मेमरी, एनव्हीएमई डिस्क, वर व्हर्च्युअल मशीन चालवणारं प्रॉक्समॉक्स. एक बंद पडलं तर दुसऱ्यानं एकट्यानं बिलाची रात्र काढली पाहिजे हा हिशोब, म्हणून प्रत्येकात ११.३ ला जागा हवी होती. जुने कोअर आणि नवे कोअर सारखे नसतात, नव्यातला एक बराच जास्त काम करतो, त्यामुळे १६ मध्ये वाढीलाही जागा राहिली. सहा मशीन आत गेली. त्यांना मिळून २४ व्हर्च्युअल कोअर आणि ९२ जीबी मेमरी. काट्याला २ कोअर आणि ८ जीबी, लेखाला १२ आणि ४८. बॅकअपचं मशीन मी बाहेर वेगळंच ठेवलं. ज्या डिस्कवर मूळ माहिती त्याच डिस्कवर बॅकअप ठेवायला माझं मन तयार नव्हतं. कोअरमध्ये वाचलेले पैसे डिस्कमध्ये घातले. मार्चच्या बैठकीत मी एमडी साहेबांसमोर एकच तक्ता ठेवला होता, १६ जानेवारीच्या संध्याकाळी सातपासून रात्री बारापर्यंतचा. ते तो बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, “बिल सुरू झालं ते इथं दिसतंय की.” साडएफ स्वतः आलेखही काढून देतो, पण मी वहीतली गाड्यांची संख्याही खाली हातानं लिहिली होती.

२०२४-२५ चा हंगाम नव्या मशीनवर गेला. सिसस्टॅट आता प्रत्येक व्हर्च्युअल मशीनच्या आतही आहे आणि बाहेरच्या दोन यजमान मशीनवरही. आत गेल्यावर ‘स्टील’ हा रकाना पाहायचा. आपली पाळी असताना प्रोसेसर दुसऱ्याला गेला तो वेळ तिथे दिसतो. बिलाच्या रात्री काट्याच्या मशीनवर स्टील एका टक्क्याच्या आत राहिला, आणि डिस्कचा अवेट दोन मिलिसेकंदांच्या आसपास. बिल साडेतीन तासांवरून सव्वादोन तासांवर आलं. काटा क्लार्क मामांचा त्या रात्री फोन आला नाही. मी मात्र साडेदहापर्यंत जागी होते.

उणिवा सांगायच्या तर यूटीसी, डेबियन आणि जुन्या मेमरी रकान्यांच्या वर सांगितल्याच. आणखी एक मोठी म्हणजे हे प्रत्येक मशीनचं वेगळं असतं. सगळ्यांच्या नोंदी एका जागी आणून एकत्र दाखवणारं त्यात काही नाही, ते जोडकाम आपलं आपण करायचं. दहा-वीस मशीनपर्यंत चालतं. शंभर मशीन असतील तर सगळ्यांचे आकडे एका जागी गोळा करणारं प्रोमिथियस आणि त्याचा नोड एक्सपोर्टर बरा. कुठल्या प्रोसेसनं कधी काय खाल्लं हे नंतर मागे जाऊन पाहायचं असेल तर ‘एटॉप’ जास्त चांगला, कारण तो प्रोसेसच्या नोंदीही ठेवतो. ‘पिडस्टॅट’ घटना घडत असताना चालू असेल तरच उपयोगी. आणि मिनिटाच्या नोंदीतही पाच-दहा सेकंदांचा झटका दिसत नाही, सरासरीत बुडतो. काट्यासाठी मी दोन रात्री ‘आयओस्टॅट’ दर सेकंदाला लावून बसले, तेव्हा कुठे समाधान झालं.

तरीही लहान कारखाना, पतसंस्था, कॉलेज, नगरपालिका अशा ठिकाणी एकट्यानं सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला मी हेच सांगेन की आधी सिसस्टॅट घाला. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, डेटाबेस लागत नाही, वर्षाची वर्गणी नाही. फक्त ते आधीपासून चालू असावं लागतं. कोटेशन आल्यावर घातलंत तर गेलेला हंगाम परत मोजता येत नाही.

पुढच्या मोजणीत मला कर्नलचे ‘प्रेशर’ आकडेही धरायचे आहेत. कर्नल ४.२० पासून ते आहेत. प्रोसेसर, मेमरी किंवा डिस्कसाठी कामं प्रत्यक्ष किती टक्के वेळ खोळंबली हे ते सरळ सांगतात, आणि नवा ‘सार’ त्यांच्या नोंदी ठेवतो. रेड हॅट घराण्याच्या मशीनवर ते चालू होण्यासाठी कर्नलला सुरू होतानाच ‘पीएसआय=१’ सांगावं लागतं. डिस्टिलरीत एक जुनं मशीन अजून वेगळं चालतं आहे, तेही आता आत आणायचं म्हणतात. काल तिथे जाऊन सिसस्टॅट घातलं. डेबियन होतं. ‘फॉल्स’चं ‘ट्रू’ केलं, सेवा पुन्हा सुरू केली, आणि पहिली नोंद पडेपर्यंत तिथेच खुर्ची ओढून बसले.